फॉरमॅट मारला तरी व्हायरस परत येतोय? पीडीएफ रीडर किती जुना आहे ते आधी बघा

“दादा, परत तसंच व्हायलंय बघा.”

एकाच खरिपात हा फोन मला पाच वेळा आला. सेलू तालुक्यातलं एक ऑनलाइन सेवा केंद्र. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बाहेर पीकविम्याची रांग. केंद्र चालवणाऱ्या ताई कामाला चोख, मशीनवर नको ते टाकणाऱ्या नाहीत. तरी दर आठ-पंधरा दिवसांनी मशीन बिघडायचंच. मी मानवतहून जायचो, फॉरमॅट मारायचो, पेनड्राइव्हमधून सगळी सॉफ्टवेअर टाकून द्यायचो, चहा प्यायचो आणि निघायचो. पंधरवडा जातो न जातो, परत तोच फोन.

असाच त्रास असलेली केंद्रं, झेरॉक्सची दुकानं, शाळांची ऑफिसं मला पुढंही भेटली, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. घाईत असाल तर एवढंच करा: कंट्रोल पॅनेल उघडा, पीडीएफ उघडणारी जेवढी सॉफ्टवेअर दिसतील ती बघा, त्यातलं जे कित्येक वर्षांत अपडेट झालेलं नाही ते काढून टाका. आणि ज्या पेनड्राइव्हमधून ते आलं, त्या पेनड्राइव्हमधूनही काढा. माझं घोडं या शेवटच्या वाक्यापाशीच पेंड खात होतं.

लक्षणं

ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: “मेलवरची पीडीएफ उघडली की रीडर एकदा बंद पडतो, आपोआप परत उघडतो, मग फाइल दिसते. मधेच काळी खिडकी भक्कन येऊन जाते.” त्यानंतर दोन-तीन दिवसांत ब्राउझर जड व्हायचा, आपण न पाठवलेले मेल पाठवलेल्यांत दिसायचे आणि अँटिव्हायरस टेम्प फोल्डरमधली तीच ती फाइल पकडत राहायचा.

पहिल्या चार वेळा मी नंतरच्या लक्षणांच्याच मागं लागलो. अँटिव्हायरस बदलला, ब्राउझर बदलला, एकदा तर रॅम काढून पुसून बसवली. ताईंचं पहिलं वाक्य मात्र कानाआड केलं. रीडर बंद पडून परत उघडतो म्हणजे मशीन जुनं आहे, असं मी स्वतःलाच समजावलं होतं.

खरं तर ही लई जुनी खूण आहे. घातक पीडीएफ रीडरमधल्या एखाद्या चुकीचा फायदा घेते, त्या झटापटीत रीडर कोसळतो. समोरच्याला शंका येऊ नये म्हणून ती फाइल आपल्याच पोटातून दुसरी साधी पीडीएफ बाहेर काढून उघडून देते. एखादं परिपत्रक, एखादी यादी. माणूस वाचतो आणि कामाला लागतो. तोवर मागच्या मागं काम उरकलेलं असतं.

आधी ठरवा, नेमकं झालंय काय

‘पीडीएफमधून व्हायरस आला’ असं सगळेच म्हणतात, पण त्या एका वाक्यात तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिघांची औषधंही वेगळी.

सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं म्हणजे ती फाइल मुळात पीडीएफच नसते. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा आपण होऊन लपवतं. त्यामुळं ‘यादी.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल डोळ्यांना ‘यादी.पीडीएफ’ दिसते, वर चित्रही पीडीएफचंच लावलेलं असतं. फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. दुकानातल्या प्रत्येक मशीनवर ही टिक पाहिजेच. मोबाइलवर याचाच धाकटा भाऊ फिरतो: व्हॉट्सॲपवर कुठल्या तरी योजनेच्या नावानं आलेली एपीके फाइल. ती कागद नाही, ते ॲप आहे.

दुसऱ्या दुखण्यात पीडीएफ खरी असते, पण ती नुसती निरोप्या असते. आत एक अंधुक चित्र आणि त्यावर ‘पूर्ण कागद पाहण्यासाठी इथं क्लिक करा’. क्लिक केलं की पासवर्ड मागणारं खोटं पान. इथं रीडर कितीही नवा असला तरी काही उपयोग नाही, क्लिक करणारं बोट आपलंच.

तिसरं दुखणं आमचं. कुठं क्लिक नाही, काही इन्स्टॉल करणं नाही, फक्त फाइल उघडली आणि झालं. हे रीडरमधल्या भगदाडाचं काम.

तिसरंच आहे हे ओळखायला मला दोन गोष्टी कामी आल्या. एक, विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘ॲप्लिकेशन’ उघडा आणि इव्हेंट आयडी १००० असलेल्या नोंदी शोधा. कोणतं सॉफ्टवेअर किती वाजता कोसळलं आणि त्याच्या कोणत्या भागात कोसळलं, हे तिथं लिहिलेलं असतं. ताईंच्या मशीनवर रीडर कोसळल्याच्या वेळा आणि मेल उघडल्याच्या वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या. दोन, मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस एक्स्प्लोरर हे फुकट मिळणारं साधन. कोणत्या प्रोसेसनं कोणती प्रोसेस जन्माला घातली याची ते वंशावळ दाखवतं. पीडीएफ रीडरच्या पोटी कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल (मशीनला थेट हुकूम द्यायच्या खिडक्या) जन्माला आलेलं दिसलं तर समजून घ्या, हेच ते दुखणं. कागद दाखवणाऱ्याला काळ्या खिडकीचं काय काम?

एक बजावून सांगतो, संशयित फाइल ‘बघू तर काय होतं’ म्हणून दुकानाच्या मशीनवर परत उघडू नका. मी उघडून बघितली ती घरच्या वेगळ्या जुन्या मशीनवर, नेट काढून.

कागद कसला, अख्खा संसार आहे तो

पीडीएफ म्हणजे छापलेल्या कागदाचा फोटो, असा आपला समज असतो. ॲडोबी या कंपनीनं १९९३ मध्ये हा प्रकार आणला तेव्हा हेतूही तोच होता: कुठल्याही मशीनवर कागद सारखाच दिसावा. पुढं त्यात फॉर्म आले, जावास्क्रिप्ट आली, फाइलमध्ये फाइल जोडायची सोय आली, व्हिडिओ आले, त्रिमिती आकृत्यासुद्धा आल्या. २००८ मध्ये तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा मानक झाला, तोवर कागदाच्या आत एक घर उभं राहिलं होतं. रीडरला हे सगळं वाचता यावं लागतं आणि वाचणारा प्रत्येक कप्पा म्हणजे चुकायची एक जागा.

चूक कशी होते ते मोंढ्याच्या भाषेत सांगतो. गाडीबरोबर आलेल्या चिठ्ठीवर लिहिलंय पन्नास कट्टे. आडत्यानं पन्नास कट्ट्यांची जागा मोकळी केली. गाडीतून उतरले ऐंशी. कुणी मोजलेच नाहीत, हमाल टाकत गेले. वरचे तीस कट्टे शेजारी जाऊन पडले, तिथं मुनीमजींची उद्याच्या कामांची वही उघडी होती. आता समजा त्या तीस कट्ट्यांत सोयाबीन नव्हतंच, हुबेहूब त्या वहीसारखी लिहिलेली पानं होती. सकाळी मुनीमजी येतात, समोर दिसेल ते पान वाचतात आणि त्यावर लिहिलेली कामं करत सुटतात. कॉम्प्युटरची मेमरी अशीच भरून वाहते, आणि वाहून आलेल्या मजकुराला तो हुकूम समजतो.

हे नुसतं उदाहरणादाखल नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ॲडोबी रीडरमध्ये सापडलेली सीव्हीई-२०१०-२८८३ नावाची चूक (सापडलेल्या भगदाडांना असे सीव्हीई क्रमांक देतात) अक्षरशः अशीच होती. पीडीएफच्या आत बसवलेल्या फॉन्टमध्ये एक नाव लिहायचा रकाना असतो. रीडर ते नाव न मोजता ठरलेल्या जागेत ओतायचा. नाव लांबलचक दिलं की बाकीचं शेजारच्या मेमरीत. तपास लागायच्या आधीपासूनच लोक त्यावर हल्ले करत होते.

त्याच्या आधीच्या वर्षी, २००९ च्या फेब्रुवारीत, जेबीआयजी२ नावाच्या चित्र-प्रकारावरून गोंधळ झाला. स्कॅन केलेले काळे-पांढरे कागद लहान आकारात दाबून बसवायची ही पद्धत, म्हणजे आपल्या स्कॅनर-झेरॉक्सच्या धंद्यातलीच गोष्ट. रीडर तिचं चित्र उलगडताना चुकायचा. वाईट भाग पुढं आहे. विंडोजमध्ये फोल्डर उघडलं की फाइलची माहिती किंवा छोटं चित्र दाखवायला रीडरचाच एक तुकडा मागं चालतो. त्यामुळं त्या फाइलवर डबल क्लिक न करतासुद्धा ती चूक घडवून दाखवता आली होती. तेव्हापासून मी प्रिव्ह्यू पेन बंद ठेवतो. एक्स्प्लोररमध्ये ऑल्ट आणि पी एकत्र दाबलं की तो चालू-बंद होतो.

जुनी गोष्ट म्हणून हसू नका. २०२१ मध्ये आयफोनवर फोर्स्डएन्ट्री नावाचा हल्ला उघडकीस आला. मेसेजमधून ‘जिफ’ म्हणजे हलतं चित्र म्हणून आलेली फाइल आतून पीडीएफ होती आणि तिनं बोट ठेवलं होतं ते जेबीआयजी२ वरच. ॲपलनं १३ सप्टेंबर २०२१ ला आयओएस १४.८ काढून ते भगदाड बुजवलं. समोरच्यानं काही उघडायचीसुद्धा गरज नव्हती.

आणखी एक उदाहरण वर्डचं, कारण केंद्रात वर्ड फाइलीही तितक्याच येतात. ऑफिसमधला गणिती सूत्रं लिहायचा इक्वेशन एडिटर २००० साली बनवलेला होता आणि तसाच्या तसा पुढच्या प्रत्येक आवृत्तीत येत राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यातली सीव्हीई-२०१७-११८८२ ही चूक बाहेर आली, म्हणजे सतरा वर्षांनी. मायक्रोसॉफ्टनं आधी ठिगळ लावलं आणि जानेवारी २०१८ मध्ये तो एडिटरच काढून टाकला. आपल्याकडं ज्या सीडीवरून, ज्या क्रॅकनं २००७ आणि २०१० चं ऑफिस अजून टाकतात, त्यात तो तसाच बसलेला आहे.

मग परत परत का?

पाचव्या फेरीला मी फॉरमॅट मारला नाही. बसून ताईंना विचारलं, “मी गेल्यावर तुम्ही काय काय टाकता?” त्या म्हणाल्या, “मी काहून काय टाकीन? तुम्हीच सगळं टाकून जाता की.”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. खिशातला पेनड्राइव्ह काढला. ‘सगळे सॉफ्टवेअर’ नावाचं फोल्डर. ते मी डिप्लोमाला असताना एका सिनियरकडून कॉपी करून घेतलं होतं, पेनड्राइव्ह बदलत गेले, फोल्डर तेच राहिलं. त्यात रीडरचं सेटअप २००९ चं. वजनाला हलकं, दोन मिनिटांत बसतं, साइन इन करा म्हणून मागं लागत नाही, दोन जीबी रॅमवरही पळतं. दर फॉरमॅटनंतर तो रोग मीच परत टाकत होतो आणि वर त्याची फी घेत होतो. (त्या पाचपैकी चार फेऱ्यांचे पैसे मी नंतर परत केले. ताई नको म्हणत होत्या. ठेवून निघून आलो.)

त्या काळच्या रीडरची खरी अडचण फक्त भगदाडांची नाही. भगदाड पडल्यावर चोराला अडवणारं आत काहीच नाही. रीडरला मशीनवर जेवढी सत्ता, तेवढी सगळी हल्लेखोराला मिळते. ॲडोबीनं नोव्हेंबर २०१० मध्ये रीडर एक्समध्ये प्रोटेक्टेड मोड आणला. रीडरला एका कुंपणात डांबून ठेवायचं, म्हणजे आत काही फुटलं तरी बाहेरच्या फाइलींना हात लागू नये. हे कुंपणही अभेद्य नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये रीडर इलेव्हनचं कुंपण ओलांडणारा हल्ला सापडलाच. पण कुंपण ओलांडायला दोन-दोन भगदाडं जोडावी लागतात, तो खर्च मोठा. कुंपणच नसलेल्या घरात शिरायला काय लागतं?

आणि माझ्या पेनड्राइव्हमधल्या त्या रीडर ९ चा आधार कंपनीनं जून २०१३ मध्येच थांबवला. त्यानंतर सापडलेली एकही चूक त्यात दुरुस्त झालेली नाही, होणारही नाही.

दुरुस्ती, ज्या क्रमानं मी केली त्या क्रमानं

पहिलं काम, नेटची वायर काढली. मग दुसऱ्या स्वच्छ फोनवरून मेलचे आणि पोर्टलचे पासवर्ड बदलले. याच मशीनवरून बदलाल तर नवा पासवर्डही त्यांनाच देऊन बसाल. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले असंच धरून चाला. पैशाचा व्यवहार दिसला तर एक मिनिट न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, बाकीची दुरुस्ती नंतर.

मग मशीन शेवटचं एकदा स्वच्छ केलं आणि रीडर नवा टाकला. तो थेट कंपनीच्या पानावरून घ्यायचा. तिथं आजूबाजूला अँटिव्हायरसच्या टिका लावलेल्या असतात, त्या काढायच्या. सर्च करून वरच दिसणाऱ्या ‘फ्री डाउनलोड’वाल्या पानावरून घेऊ नका, तिथून काय येईल सांगता येत नाही. तुम्ही फॉरमॅट न मारता फक्त जुना रीडर काढत असाल तर ॲडोबीचं क्लीनर टूल मिळतं, ते चालवून मशीन एकदा बंद-चालू करा, नाहीतर जुन्याचे तुकडे राहतात. एका मशीनवर तीन-तीन रीडर असतात हेही बघा. ताईंच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर नवा रीडर होता, पण ‘डिफॉल्ट’ जुनाच होता. फाइल कोण उघडतंय ते महत्त्वाचं, कोण बसवलेलं आहे ते नाही.

अपडेट का होत नव्हतं, याचं उत्तरही आम्हा दुरुस्तीवाल्यांपाशीच निघतं. ‘मशीन फास्ट करून द्या’ म्हटलं की आम्ही पहिल्यांदा स्टार्टअपमधल्या सगळ्या टिका काढतो आणि सर्व्हिसेसमधली ‘ॲडोबी ॲक्रोबॅट अपडेट सर्व्हिस’ बंद करतो. मीही करायचो. आता ती ‘ऑटोमॅटिक’वर ठेवतो. ॲडोबी ठरलेली दुरुस्ती बहुधा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढतं, तेव्हा बुधवारी-गुरुवारी हेल्प मेनूतून ‘चेक फॉर अपडेट्स’ एकदा दाबायचं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दुकान चालतं त्यांना हा डेटा परवडत नाही, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी मी महिन्यातून एकदा पूर्ण ऑफलाइन सेटअप उतरवून घेतो आणि फोल्डरच्या नावातच तारीख टाकतो. दोन महिने झाले की ते फोल्डर पुसायचं.

आता सेटिंग. एडिट, मग प्रेफरन्सेस. ‘जावास्क्रिप्ट’मध्ये जाऊन पहिलीच टिक काढा. डिसेंबर २००९ मध्ये गाजलेली चूक जावास्क्रिप्टच्याच दारातून आली होती आणि नंतरच्याही पुष्कळ हल्ल्यांनी तिचा हात धरला. केंद्रातल्या दाखल्यांना, सातबाराला, हॉलतिकिटाला जावास्क्रिप्ट लागत नाही. बटणं दाबून आपोआप बेरीज होणारा एखादा फॉर्म मात्र अडेल. अशा वेळी वर पिवळी पट्टी येते, तिथून फक्त त्या फाइलपुरती परवानगी देता येते. कायमची देऊ नका.

‘सिक्युरिटी एन्हान्स्ड’मध्ये प्रोटेक्टेड मोडची टिक पाहिजे आणि प्रोटेक्टेड व्ह्यू निदान बाहेरून आलेल्या फाइलींसाठी चालू पाहिजे. ही टिक अनेक ठिकाणी निघालेली सापडते. कारण कधीतरी एक चौकट येते: तुमच्या मशीनवर प्रोटेक्टेड मोडमध्ये उघडता येत नाही, तो बंद करून उघडू का? रांगेत वीस माणसं उभी असताना कोण वाचत बसणार, ‘हो, नेहमीच’ दाबलं जातं. बहुतेक वेळा खरं भांडण जुन्या अँटिव्हायरसशी असतं. तो अद्ययावत करा, कुंपण काढू नका.

‘ट्रस्ट मॅनेजर’मध्ये पीडीएफच्या आतल्या इतर प्रकारच्या फाइली बाहेरच्या सॉफ्टवेअरनं उघडायची परवानगी असते. तीही काढा.

शेवटी ताईंसाठी विंडोजमध्ये साधं खातं काढलं आणि ॲडमिनचं खातं वेगळं केलं. दहा मिनिटांचं काम आहे, पण मी ते सगळ्यात उशिरा शिकलो.

हिरव्या टिकेचं प्रकरण

जुना रीडर काढा म्हटलं की पहिली हरकत येते ती ही: “नव्यात हिरवी टिक येत नाही, साहेब कागद परत करतात.” डिजिटल सहीच्या दाखल्यावर सही खरी असल्याची हिरवी टिक दिसायच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसतं. जुन्या रीडरमध्ये कुणीतरी कधीकाळी ते जुळवून ठेवलेलं असतं, म्हणून त्याला कुणी हात लावू देत नाही. मी बघितलेल्या अर्ध्याअधिक मशीनवर जुना रीडर जिवंत राहायचं कारण हेच.

नव्यातही टिक येते. सहीवर उजवं क्लिक, ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’, मग ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, मग ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. डावीकडं सर्टिफिकेटची साखळी दिसते. सगळ्यात वरच्या नावावर जा. तिथं ‘सीसीए इंडिया’ आणि पुढं साल असेल तरच पुढं चला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार देशातल्या डिजिटल सह्यांवर देखरेख करणाऱ्या कंट्रोलरचं ते मूळ सर्टिफिकेट. ‘ट्रस्ट’ या टॅबमधून ‘ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ दाबा, बाहेर या, सही परत तपासा.

मधे एक चौकट येते, तिच्यावर थांबा. ‘यूज धिस सर्टिफिकेट ॲज अ ट्रस्टेड रूट’ एवढीच टिक पुरते. खाली डायनॅमिक कंटेंट, हाय प्रिव्हिलेज जावास्क्रिप्ट, सिस्टीम ऑपरेशन्स अशा आणखी टिका असतात. शिकवणारे व्हिडिओ बिनधास्त सांगतात, सगळ्या लावा. लावू नका. हिरव्या टिकेसाठी त्यांची गरज नाही, आणि त्या लावल्या की त्या साखळीतल्या सहीनं आलेल्या कागदाला तुम्ही घराच्या किल्ल्या देता.

टिकेवरही डोळे मिटून भरवसा नको. २०१९ मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथल्या रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ डेस्कटॉप रीडर तपासले. सही केल्यानंतर मजकूर बदलूनही ‘सही ठीक’ म्हणणारे त्यात २१ निघाले. गंमत म्हणजे सुटलेला एकटा होता लिनक्सवरचा ॲडोबी रीडर ९. हे वाचून कुणी जुन्याचा वकील होऊ नये, सहीत तो सुटला तरी बाकीची दारं त्याची सताड उघडीच आहेत. कंपन्यांनी त्यानंतर दुरुस्त्या काढल्या, पण त्या मिळतात नव्या आवृत्तीलाच.

रीडर पाहिजेच का?

सही तपासायची नसेल आणि फॉर्म भरायचा नसेल, नुसतं बघायचं आणि छापायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ब्राउझरमध्येच उघडा. क्रोम, एज, फायरफॉक्स पीडीएफ आपल्या कुंपणात उघडतात आणि आपले आपण अपडेट होतात. चुका त्यांच्यातही सापडतात. मे २०२४ मध्ये फायरफॉक्सच्या पीडीएफ वाचणाऱ्या भागात फॉन्टवरूनच एक निघाली, पण फायरफॉक्स १२६ बरोबर ती दुरुस्तही झाली, आणि ज्यांचं अपडेट चालू होतं त्यांना पत्ताही लागला नाही. हलकंच काही पाहिजे असेल तर सुमात्रा पीडीएफ आहे. त्यात जावास्क्रिप्टच नाही, हा मला गुण वाटतो. हिरवी टिक मात्र त्यात दिसणार नाही.

‘ॲडोबी नको, दुसऱ्या कंपनीचा टाका, त्याला कोण विचारतो’ हा सल्ला अर्धवट आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये फॉक्सिट या दुसऱ्या रीडरमधल्या दोन चुका जाहीर झाल्या, त्यात सेफ रीडिंग मोड हे त्याचं संरक्षण बंद असलं की फाइलमधली जावास्क्रिप्ट हवं ते चालवू शकायची. ऑगस्ट २०२४ मध्ये डब्ल्यूपीएस ऑफिसचं नाव आलं. नाव बदलून भगदाड बुजत नाही.

विंडोज ७ चं मशीन असेल तर? नवा ॲक्रोबॅट रीडर त्यावर बसत नाही, क्रोमही १०९ वरच थांबलंय आणि विंडोज ७ चा स्वतःचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. पाथरीकडच्या एका दुकानात जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर फक्त सेव्हनवर चालतो म्हणून ते मशीन ठेवलंय. आम्ही त्याचं नेट कायमचं काढलं. ते फक्त स्कॅन करतं, फाइल पेनड्राइव्हनं दुसऱ्या मशीनवर जाते, उलट दिशेनं काही येत नाही. बाकी सगळ्यांना मी एसएसडी टाकून नवं विंडोज घ्या म्हणतो. मशीन अगदीच दुबळं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम. पहिले आठ दिवस शिव्या मिळतात.

इतकं करूनही रीडर बंद पडत असेल

तर दर वेळी हल्लाच असतो असं नाही. कधी एकच जुनी, मोडकी फाइल असते, कधी प्रिंटरचा ड्रायव्हर. इव्हेंट व्ह्यूअरमधली १००० ची नोंद उघडा आणि ‘फॉल्टिंग मॉड्यूल’पुढचं नाव वहीत लिहून घ्या. प्रिंट देतानाच कोसळत असेल आणि नाव प्रिंटरच्या ड्रायव्हरचं असेल तर तो काढून नवा टाका. वेगवेगळ्या फाइलींना नाव रीडरच्याच भागाचं येत असेल तर रीडरच्या हेल्प मेनूतलं ‘रिपेअर इन्स्टॉलेशन’ चालवा. फक्त बाहेरून आलेल्या ठरावीक फाइलींनाच कोसळत असेल तर त्या फाइली उघडू नका, पुसूही नका. फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा बदलून त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, ही तुम्हीच पाठवली का. ताईंच्या बाबतीत पाठवणाऱ्यानं “मी तर महिनाभर मेलच उघडला नाही” असं सांगितलं. मग त्याचंही मशीन बघायला गेलो. त्याच्याकडंही तोच २००९ चा रीडर होता, माझ्याच पेनड्राइव्हमधला.